पीळ आणि पोलाद

बेल्जियममधल्या लिएजच्या ग्राँ कुर्तियस संग्रहालयात जुन्या बंदुकांच्या एका कपाटापुढे शाळेतल्या पोरांचा घोळका उभा होता. कपाटात एकोणिसाव्या शतकातली दुनळी होती. घोडे बाहेरच्या अंगाला, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड हाताच्या घामाने काळपट पडलेलं. पण लाकडाकडे कोणी बघत नव्हतं. दोन्ही नळ्यांवर टोकापासून बुडापर्यंत बारीक वेटोळी पसरली होती, ओळीने, एका मापाची, आणि तरी कुठलंही वेटोळं शेजारच्यासारखं हुबेहूब नव्हतं. राखाडीवर तपकिरी. काचेला नाक चिकटवून उभ्या असलेल्या एका मुलाने बाईंना विचारलं, "हे कोणी काढलं?" एवढं फ्रेंच मलाही कळतं. बाई म्हणाल्या, "कोणी नाही काढलं, ते लोखंडातच आहे." घोळका पुढच्या कपाटाकडे सरकला. उत्तर बरोबर होतं, पोराचं समाधानही झालेलं दिसलं. मी मात्र बराच वेळ तिथेच रेंगाळलो. "कोणी नाही" हे दोन शब्द घशात काटा अडकावा तसे अडकले होते.

कारण ते लोखंडात आपसूक आलेलं नव्हतंच. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून त्यांचा चौकोनी गठ्ठा बांधायचा, तो तापवून, ठोकून एकजीव करायचा, मग लांबवत लांबवत त्याच्या बारीक चौकोनी सळया काढायच्या. सळई पुन्हा लालभडक तापवायची, एक टोक घट्ट पकडायचं, दुसरं हँडलमध्ये अडकवून फिरवायचं. चौकोनी सळई पिळता पिळता गोल दिसायला लागते, तिच्या कडा स्क्रूच्या आट्यांसारख्या दाट होत जातात. एका सळईला उजवा पीळ, दुसरीला डावा. अशा दोन, तीन, चार, कधी सहा सळया शेजारी शेजारी ठेवून सांधल्या की एक पट्टी तयार होते. ही पट्टी तापवून पातळ पत्र्याच्या एका नळीवर तिरकी गुंडाळत न्यायची, कडेला कड लावून. मग त्या कडा सांधायच्या. आतली पत्र्याची नळी शेवटी, भोक साफ करताना, भुगा होऊन निघून जाते. तिचं काम फक्त तोवर आधार देण्याचं. बारा बोअरच्या नळीत आतून साडेअठरा मिलिमीटरची पोकळी आणि तोंडाशी भिंत जेमतेम एक मिलिमीटरची, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या जाडीत हा सगळा पीळ, सगळे सांधे, सगळी माणसं.

एवढा उपद्व्याप कशासाठी? नुसत्या देखणेपणासाठी कोणी एवढा कोळसा जाळत नाही. बंदुकीची नळी फाटते ती बहुतेक वेळा उभी, लांबीच्या दिशेने, कारण आतल्या दाबाचा ताण आडव्या अंगाला दुप्पट असतो. लोखंडाचा पत्रा गोल वळवून त्याच्या दोन कडा लांबीत सांधल्या, तर सर्वांत कच्ची रेघ नेमकी तिथे येते जिथे ताण सर्वांत जास्त. तोच सांधा नळीभोवती फिरत नेला की दाब त्याला उसवू पाहत नाही. लोखंडात उरलेल्या कीटाची, म्हणजे मळाची, धागेदार रेषही मग लांबीत न जाता फेर धरून जाते. ही साधी गोष्ट लोकांना फार आधी कळली होती, आणि बरीच बोटं, डोळे गमावून कळली असावी.

अबुल फजलने आइन-ए-अकबरीत हेच लिहून ठेवलंय. पूर्वी लोखंड सपाट ठोकून त्याच्या कडा जोडत, त्यामुळे अपघात फार होत. मग बादशहाने नवी रीत काढली, लोखंड सपाट करून तिरकं गुंडाळायचं, घड्या एकमेकींवर येतील अशा बेताने, आणि हळूहळू ताव देत सांधायचं. आधी नळीत पाव भागाहून जास्त दारू ठासायची सोय नव्हती, आता तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाही, असं तो म्हणतो. दरबारी माणूस, धन्याचं कौतुक करताना हात आखडता घेणार नाही, हे धरून चाललं तरी कामाचा तपशील कारखान्यात डोकावून आलेल्या माणसाचा आहे. नळ्या घासायच्या चाकाचं वर्णन तर मला फार आवडतं. एक बैल चाक फिरवतो आणि एका वेळी १६ नळ्या साफ होतात. अकबराच्या लाडक्या बंदुकीचं नाव संग्राम. १५६८ मध्ये चितोडच्या तटावरच्या जयमलला तिनेच टिपलं म्हणतात. तिने मारलेल्या जनावरांचीही लेखनिकांनी नोंद ठेवली होती, १०१९. ती नळी कोणत्या लोहाराने गुंडाळली, ही नोंद ठेवावी असं मात्र कोणाला सुचलं नसावं.

पुन्हा "कोणी नाही".

लिएजहून वेर्विएकडे जाणारी गाडी वेद्र नदीचा हात धरून जाते. खोरं अरुंद आहे. एका बाजूला झाडीने भरलेला चढ, दुसऱ्या बाजूला तसाच, मधे नदी, रूळ, रस्ता आणि जी काय सपाट जागा उरली तिच्यावर दाटीवाटीने घरं. शोदफोंतेन, त्रो, फ्रेपों, नेसोंव्हो अशी स्टेशनं पाठोपाठ येतात. या गावांतून एके काळी जगभर दमास्कस नळ्या, म्हणजे अशाच पिळलेल्या सळयांच्या नक्षीदार नळ्या, जात. पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या नळ्यांना भोकं पाडत, घासत, आणि घरामागच्या भट्ट्यांतून सांधकाम चाले. मी खिडकीशी बसून नदी बघत होतो. पाणी गुडघाभर, दगडांवरून खळखळ करत, अगदी निरुपद्रवी. पण काही घरांच्या भिंतींवर खूप वरपर्यंत अजून एक मळकट रेघ होती. जुलै २०२१ मध्ये हीच नदी दोन दिवसांत वरच्या मजल्यांपर्यंत चढली आणि या खोऱ्यातली माणसं वाहून गेली. चक्क्या फिरवायला नदीच्या कुशीत वसलेली गावं. नदीजवळ राहण्याचं कारण शंभर वर्षांपूर्वीच संपलं, घरं तिथेच राहिली.

नेसोंव्होला उतरल्यावर दिसते ती एका मोटार कारखान्याची आडदांड पडकी इमारत. इंपेरिया गाड्यांचा कारखाना. या लोकांनी १९२८ मध्ये चक्क छपरावर गाड्या पळवून बघायचा रस्ता बांधला होता. खाली जागाच नाही म्हटल्यावर करणार काय. तीच जागा त्याआधी आंरी पीपर या बंदूकवाल्याची होती आणि तिथे नळ्या बनत. बंदुकीची नळी, मग मोटार, मग पडीक भिंती. गावात मी कोणाला काही विचारलं नाही. विचारून तरी काय मिळणार होतं? नळ्या सांधणाऱ्यांची नातवंडंही आता म्हातारी झाली असतील.

सांधकामाची जुनी वर्णनं मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी त्यातल्या अंधाराशी थांबतो. भट्टीची जागा मुद्दाम काळोखी ठेवत, कारण ताव मोजायला डोळ्याशिवाय दुसरं साधन नव्हतं. लाल झालं, नारिंगी झालं, पिवळं झालं, आणि मग तो पांढरट ओलसर रंग, ज्यात धातूचा पृष्ठभाग घाम फुटल्यासारखा चकाकतो. त्या क्षणी सांधलं तर सांधतं. त्याच्या अलीकडे कच्चं राहतं. पलीकडे गेलं की पांढऱ्या ठिणग्या उडायला लागतात, म्हणजे पोलाद जळायला लागलं. उजेडात हा फरक दिसत नाही. तिघं जण मिळून काम करीत. एक मुख्य, तो सांधणारा, आणि दोघं घण मारणारे. मुख्य माणूस गुंडाळलेल्या पट्टीचा वीतभर भाग तापवतो, बाहेर काढतो आणि नळी उभी धरून जमिनीतल्या लोखंडी ठोकळ्यावर दाणकन आपटतो, एकदा, दोनदा, तीनदा. वेटोळ्यांच्या कडा एकमेकींत दबतात. लगेच आत दांडा सारून नळी ऐरणीच्या खाचेत आडवी, आणि दोन घण आळीपाळीने, मुख्याच्या छोट्या हातोडीच्या इशाऱ्यावर. बोलायला वेळ नसतो, बोललं तरी ऐकू येणार नाही. पांढरं पिवळं होतं, पिवळं लाल, आणि घण थांबतात. मग पुढचा वीतभर भाग. असं करत अख्खी नळी. तापवताना दर खेपेला धातूची खपली सुटते, भट्टी आपला वाटा घेते. मग कातणं, घासणं. सुरुवातीला उचललेल्या वजनातला मोठा हिस्सा शेवटच्या नळीत नसतोच.

यातला धोका असा की चूक झाली तरी त्याच दिवशी कळत नाही. वेटोळ्यांच्या सांध्यात राखेचा, कीटाचा कण अडकला आणि त्यावरून घण पडले, तर वरून सगळं गुळगुळीत. महिन्याभराने दुसऱ्या कारखान्यात कोणीतरी नळी घासून पातळ करतो तेव्हा तो कण ठिपका होऊन वर येतो. इंग्रज कारागीर अशा ठिपक्यांना 'ग्रे' म्हणत आणि त्यांच्यावर खार खाऊन असत. गंमत अशी की बऱ्याचदा त्या ठिपक्याने नळीची ताकद तसूभरही कमी होत नसे. पण गिऱ्हाइकाला वेटोळ्यांच्या मधोमध काळा टिपका चालत नसे. नळी धडधाकट असूनही मोडीत. बिचाऱ्या सांधणाऱ्याच्या हाताखालून ती सुटून कधीच गेलेली.

कच्च्या मालाचीही एक गोष्ट आहे, आणि मला या सगळ्यात ती सर्वांत जवळची वाटते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला उत्तम नळ्यांसाठी घोड्यांच्या नालांचे जुने खिळे वापरत. नालबंदाने नाल बदलताना उपटून फेकलेले बुटके, झिजलेले खिळे. गोळा करणारे ते गोळा करीत, मग पिंपात घालून फिरवून फिरवून त्यांचा गंज घासला जाई, लोखंडी कड्यात ठासून गड्डा केला जाई, आणि भट्टीत टाकून त्याच्या सळया. नालेचा खिळा मुळात चिवट, मऊ, चांगल्यातल्या चांगल्या लोखंडाचा करावा लागतो, ठिसूळ खिळा घोड्याच्या खुरात मोडला तर नालबंदाची खैर नाही. म्हणजे लोखंडाची निवड आधीच कोणीतरी, वेगळ्याच कारणासाठी, चोख केलेली होती. बंदूकवाल्याने फक्त ती वेचली. रस्त्यावर घोड्याच्या टाचेखाली झिजून खिळा आणखी कसदार होतो असंही तेव्हा मानत. ते धातुशास्त्रात कितपत बसेल सांगता येत नाही, पण त्या विश्वासात मला काही वावगं वाटत नाही. लंडनच्या उमरावाच्या हातातली चांदीच्या नक्षीची बंदूक, आणि तिची नळी गाड्या ओढणाऱ्या शेकडो घोड्यांच्या खुरांतून निघालेली. मालकाला हे ठाऊक असे आणि त्याला त्याचा अभिमानही असे.

नक्षी दिसायला लागते ती अगदी शेवटी. सांधून, कातून, घासून झालेली नळी नुसती करड्या रंगाची असते, कुठल्याही पाइपासारखी. मग तिला मुद्दाम गंज आणतात. औषध लावायचं, ओलसर हवेत ठेवायचं, गंज धरला की उकळत्या पाण्यात घालायचं, तारेच्या ब्रशाने खरवडायचं, पुन्हा औषध. असं पुन्हा पुन्हा, बरेच दिवस. लोखंड एका रंगाने गंजतं, पोलाद दुसऱ्या, आणि त्या फरकातून आतला पीळ हळूहळू वर येतो. पहिल्या खेपेला नुसती शंका, चौथ्या-पाचव्या खेपेला रेषा. इथे आणखी एक गंमत आहे. पिळलेल्या सळईच्या पृष्ठभागावर फक्त तिरक्या रेघा असतात. तिला घासत घासत गाभ्याच्या दिशेने गेलं की रेघा वाकायला लागतात, वळतात, आणि गाभ्याजवळ त्यांची वेटोळी नाहीतर चांदण्या होतात. म्हणजे कानसवाल्याने किती खोल जायचं यावर कुठलं चित्र हाती लागणार ते ठरतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अर्धा कापून टाकल्याशिवाय पीळ दिसतच नाही. सळया किती, पीळ किती दाट, पट्ट्यांचा क्रम कसा, यावरून नक्ष्यांना नावं पडली होती. क्रोल, बर्नार, ऑक्सफर्ड, बोस्टन, वॉशिंग्टन. त्या शेवटच्या दोघांचा रोख कुठल्या गिऱ्हाइकाकडे होता ते उघड आहे. काही करामती लोकांनी सळयांची मांडणी अशी केली की नळीवर अक्षरं उमटत. मला ती आवडत नाहीत. पोलादाला अक्षरं गिरवायला लावणं ही सर्कस झाली.

दमास्कस हे नाव पूर्वेकडून आलेल्या हत्यारांमुळे चिकटलं. तुर्की नळ्या युरोपाने लढायांमध्ये बघितल्या, बळकावल्या, वाखाणल्या आणि मग नक्कल करायला घेतल्या. पण तलवारींच्या खऱ्या जौहरदार पोलादाशी या नळ्यांचं नातं फक्त दिसण्याचं. दक्षिण भारतातून जाणारं वूट्झ पोलाद मुशीत वितळवून केलेलं असे. गोळा सावकाश थिजताना पोलादाच्या पोटात कार्बनचे थर आपोआप मांडले जात आणि ठोकल्यावर पाण्याच्या लहरींसारखे दिसत. तिथे नक्षी उगवते. नळीत ती रचावी लागते. मायकेल फॅरेडेने विजेच्या नादी लागण्यापूर्वी या वूट्झवर बराच खटाटोप केला होता, जेम्स स्टोडार्ट या हत्यारं करणाऱ्याबरोबर. फॅरेडे लोहाराचा मुलगा. बापाची भट्टी पोराच्या डोक्यातून इतक्या सहजी जात नाही. संग्रहालयातल्या बाईंचं उत्तर वूट्झच्या तलवारीला पुष्कळसं लागू पडलं असतं. त्या नेमक्या चुकीच्या कपाटापुढे उभ्या होत्या.

हा धंदा कसा बुडाला याची सर्वांना पाठ असलेली गोष्ट अशी: नवी धूरविरहित दारू आली, तिचा जोर जुन्या नळ्यांना सोसेना, मग अखंड पोलादाच्या नळ्या आल्या. यात तथ्य आहे, पण सगळं नाही. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने, म्हणजे बंदुका तपासून शिक्का देणाऱ्या संस्थेने, १८८८ च्या सुमारास निरनिराळ्या ३९ प्रकारच्या नळ्या मुद्दाम जास्त जास्त दारू भरून फुटेपर्यंत तपासल्या. तेव्हा नावाजलेलं व्हिटवर्थचं अखंड पोलाद त्यात पहिलं आलं नाही. पहिली आली ती पिळलेल्या तीन सळयांची इंग्रजी नळी. जुन्या बंदुकांचे शौकीन हा निकाल फार मिरवतात. मिरवताना एक बारीक शब्द गाळतात: ती नळी यंत्राच्या घणाखाली घडवलेली होती. माणसाच्या दंडाने मारलेला घण तेव्हाच मागे पडायला लागला होता. आणि ताकदीचा निकाल काहीही लागो, बाजाराचा निकाल वेगळ्याच गोष्टीवर लागला. पोलादाच्या अखंड दांड्याला यंत्राने भोक पाडायचं तर एक साधा कामगार पुरतो. पिळलेल्या नळीला आयुष्यभर अंधारात ताव बघत आलेला माणूस लागतो, आणि त्या माणसावर भरवसा लागतो. नक्षीतली प्रत्येक रेघ म्हणजे एक सांधा. शंभर रेघा आवडणाऱ्या गिऱ्हाइकाला एक दिवस शंभर सांधे दिसायला लागले.

लिएजचा दैवदुर्विलास असा की हे पोलाद बाहेरून यायची गरजच नव्हती. म्यूज नदीच्या काठी सेरँगला कॉकरिलचा लोखंड-पोलादाचा कारखाना १८१७ पासून उभा, बेसेमर पोलाद तिथे १८६३ मध्ये ओतायला लागले. १८८९ मध्ये सरकारच्या दीड लाख माउझर रायफलींची ऑर्डर घ्यायला एर्स्तालला एफएन या शस्त्रांच्या कारखान्याची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत लिएजचेच बंदूकवाले. खोऱ्यातली पोरं घणाकडे पाठ फिरवून तिकडे गेली असतील तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. ठरलेला पगार, डोक्यावर नीट छप्पर, संध्याकाळी कान शाबूत. हस्तकला लोपली की आपण हळहळतो, पण हळहळणाऱ्यांपैकी कोणी स्वतःच्या पोराला त्या भट्टीपाशी उभं केलं नसतं. मग ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य लिएजवर आलं. लढाईनंतर थोड्या भट्ट्या पेटल्या, त्याही विझल्या. भारतात तर हिशेब वेगळाच. इथल्या नळी घडवणाऱ्यांना स्वस्त पोलादाने बेजार केलंच, वर १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायलाच बंदी आली. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर लोहार परत विळे-कोयत्यांकडे वळला असणार.

आणि हे सगळं बंदुकीबद्दल आहे, हे मी विसरलेलो नाही. वेटोळ्यांच्या सौंदर्यात रमताना मधेच चपापायला होतं. या नळ्यांनी माळरानं आणि पाणथळी रिकाम्या केल्या, पिंजऱ्यातून सोडलेली कबुतरं पैजेवर पाडली. तरी नळीला डोकं लावून बघितलं की ती शिकारीची वस्तू वाटत नाही, हे खरं. ती कोणीतरी फार मन लावून केलेली वस्तू वाटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि त्यांचा मेळ घालायच्या फंदात मी पडत नाही.

मेळ न बसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नकली माल. नक्षीची हौस इतकी पसरली की साध्या पोलादी नळ्यांवर दमास्कसचा नुसता ठसा उठवून त्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. कागदावरून चित्र उतरवावं तसा. दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर फरक कळतो. नकलीमध्ये प्रत्येक वेटोळं सारखं, आणि नळी तोंडाकडे निमुळती होते तिथेही वेटोळी बुचकळ्यात पडत नाहीत. खऱ्या नळीत ती तिथे थोडी ताणली जातात, थोडी दाटीने बसतात. त्या नकली नळीपुढे उभं राहून मुलाने विचारलं असतं, तर "काढलं" हा शब्द चपखल बसला असता आणि काढणाऱ्याचं नावही कदाचित कारखान्याच्या वहीत सापडलं असतं.

खऱ्या नळीचं काय? वरच्या पट्टीवर, कधी सोन्याच्या अक्षरांत, बंदूक विकणाऱ्या दुकानाचं नाव असतं. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. बाजूला प्रूफ हाउसचे शिक्के. लिएजचं प्रूफ हाउस १६७२ च्या हुकमाचं, त्याचा ईएलजी हा लंबगोलातला शिक्का जगभरच्या बंदुकांवर सापडतो. पण बंदूक उघडून, डाव्या हाताने धरायचा लाकडाचा तुकडा सोडवून नळ्या उलट्या केल्या की बुडाशी, पिढ्यान्‌पिढ्या कोणाची नजर पडत नाही अशा जागी, कधी कधी दोन-तीन बारीक अक्षरं ठोकलेली दिसतात. नळी करणाऱ्याची आद्याक्षरं. किती तरी अक्षरांची माणसं आता ओळखता येतात, संग्राहकांनी चिकाटीने याद्या केल्यात, आणि किती तरी नुसती अक्षरंच आहेत. त्यातही हे एका धन्याचं किंवा मुख्याचं नाव. घण मारणारे दोघे, सळई पिळणारा, कानसवाला, गंज चढवणारा, यांची कसलीच खूण नाही. तरी बाईंनी त्या पोराला एवढं सांगायला हरकत नव्हती की काढणाऱ्याने सही केली आहे, फक्त ती बघायला बंदूक खोलावी लागते.

हल्ली पिळाचं पोलाद पुन्हा फॅशनमध्ये आहे. चाकू करणाऱ्यांनी ते घराघरांत नेलंय. लंडनच्या पर्डी या बंदूकवाल्यांनीही दमास्कस नळ्यांच्या बंदुका पुन्हा काढल्या, पण त्या स्वीडनमध्ये पोलादाच्या भुकटीपासून केलेल्या दांड्याला भोक पाडून. सुरेख दिसतात. आतून एकही सांधा उसवण्याची धास्ती नाही. मला त्यांचं कौतुक आहे आणि त्या हातात घेऊन बघायची इच्छा मुळीच नाही, हे का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

जुन्यांचं म्हणाल तर त्या अजून आहेत, हजारोंनी. आजच्या काडतुसांच्या डब्यांवर दमास्कस नळीत वापरू नका अशी ताकीद छापलेली असते, आणि सरसकट सल्ला म्हणून ती योग्यच आहे. काळ्या दारूचा खार सांध्यांत वर्षानुवर्षं कुठवर शिरलाय ते बाहेरून दिसत नाही. पण बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस आजही अशा नळ्या आधुनिक दारूसाठी तपासून देतं. रीत जुनीच: नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस भरायचं, माणसांनी आडोशाला व्हायचं, आणि चाप ओढायचा. टिकली तर जुन्या शिक्क्यांशेजारी नवा शिक्का. फाटली तर नुकसान मालकाचं. त्यामुळे बरेच मालक बंदूक तिकडे पाठवायचं मनावर घेत नाहीत. ती भिंतीवर टांगतात, तेलाचं बोट फिरवतात, आणि आलेल्या पाहुण्याला खुशाल सांगतात की अजून उत्तम चालते.